लढाई जिंकून देणाऱ्या चर्चिलला लोकांनी घरी का बसवलं?

पारावरचा

गेल्या रविवारी पहाटे ससून डॉकला गेलो होतो. सौ. मांदेलीच्या वाट्यावरून कोळणीशी हुज्जत घालत होती आणि मी धक्क्याच्या भिंतीला लोखंडी कडी दिसते का ते बघत फिरत होतो. कारण असं की ऑक्टोबर १८९६ मध्ये एकवीस वर्षांचा एक गोरा लेफ्टनंट याच धक्क्यावर होडीतून उतरला. पाणी हेलकावत होतं, पायऱ्या ओल्या. त्याने भिंतीतली कडी धरली आणि नेमकी तेव्हाच होडी दूर सरकली. उजवा खांदा असा पिरगळला की त्याने जन्मभर पिच्छा सोडला नाही. दोन वर्षांनी सुदानात ओम्दुर्मानच्या लढाईत त्याने तलवारीऐवजी पिस्तूल चालवलं ते याच खांद्यामुळे. मुंबईहून तो पुण्याच्या छावणीत गेला, तिथून बंगळूरला. पुढचा विन्स्टन चर्चिल सगळ्यांना ठाऊक आहे.

कडी काही सापडली नाही. मांदेली मात्र झकास निघाली.

घरी येऊन जुनंच कोडं पुन्हा डोक्यात घोळायला लागलं. ८ मे १९४५ ला युरोपातलं युद्ध संपलं, लंडनमध्ये लोक चर्चिलच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडले. ५ जुलैला त्याच लोकांनी मतदान केलं. जगभर पांगलेल्या सैनिकांची मतं गोळा व्हायची होती म्हणून पेट्या तीन आठवडे बंद ठेवल्या आणि २६ जुलैला उघडल्या. मजूर पक्ष ३९३, चर्चिलचा हुजूर पक्ष मित्रांसकट २१३. बिचारा पॉट्सडॅमला स्टालिन आणि ट्रूमनशी वाटाघाटी करत होता, निकालासाठी म्हणून घरी आला तो परत गेलाच नाही. त्याच्या खुर्चीत मजूर पक्षाचे क्लेमंट ॲटली जाऊन बसले. ‘शापातलं वरदान असेल हे,’ असं बायको म्हणाली, तर ‘सध्या तरी ते फारच बेमालूम वेषांतर करून आलंय’ अशा अर्थाचं चर्चिल बोलला म्हणतात.

लोक कृतघ्न निघाले, एवढ्यावर आपल्याकडच्या गप्पा संपतात. मला ते पटत नाही. माझ्या मते समाजवादाची रंगीत तालीम चर्चिलच्याच मंत्रिमंडळात झाली. जुलै १९४० मध्ये, म्हणजे फ्रान्स पडल्यावर महिन्याभरात, जर्मन विमानं डोक्यावर घिरट्या घालत असताना, त्या सरकारने गरोदर बायका आणि पाच वर्षांखालची पोरं यांना रोज सुमारे अर्धा लिटर दूध सवलतीत, आणि ज्यांना तेही परवडत नसेल त्यांना फुकट, द्यायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी संत्र्याचा रस आणि कॉडलिव्हर तेल. रेशनकार्ड राजाकडेही आणि धुणेवालीकडेही. पाच वर्षं हे बघितलेल्या बाईला ‘शांततेच्या काळात हे जमणार नाही, पैसे नाहीत’ असं सांगायला गेलात तर ती विचारणारच ना, मग बॉम्बला कुठून आले होते?

मतं मांडा. संपादकांना कात्री चालवायला लावू नका.

उसाचा_रस

चांगला धागा. पण तुम्ही १९४० पासून सुरुवात करताय, मतदार १९३० पासून हिशेब लावत होते. तिशीत ब्रिटनमध्ये बेकारी तीस लाखांच्या घरात गेली होती. उत्तर इंग्लंडातल्या जॅरो गावातली गोदी बंद पडली, निम्म्याहून खूप जास्त पुरुष घरी. ऑक्टोबर १९३६ मध्ये तिथले सुमारे २०० जण अर्ज घेऊन लंडनपर्यंत चालत गेले. हाती काही लागलं नाही.

त्याहून बेकार म्हणजे ती मिळकतीची चौकशी. भत्ता हवा तर अधिकारी घरात येणार, जास्तीची खुर्ची दिसली तर विका म्हणणार, मुलगी कुठे चार पैसे कमावत असेल तर बापाचा भत्ता कापणार. हे सगळं हुजूर पक्षाचा वरचष्मा असलेल्या सरकारांच्या काळातलं. १९३५ नंतर सार्वत्रिक निवडणूकच झाली नव्हती, म्हणजे १९४५ ला तिशीच्या आतल्या कुणीही आयुष्यात एकदाही सार्वत्रिक निवडणुकीत मत दिलं नव्हतं. दहा वर्षांचा राग साठलेला. चर्चिल आवडत होता, त्याचा पक्ष आवडत नव्हता. एवढं सोपं आहे.

शिवाय पहिल्या महायुद्धानंतर लॉइड जॉर्जने ‘वीरांना शोभतील अशी घरं’ देतो म्हणून सांगितलं होतं. किती बांधली ते आजोबांनी नातवांना सांगितलेलं होतंच.

कोकणकडा

दोन प्रतिसाद झाले आणि बंगालचा ब नाही. १९४३ मध्ये वीस ते तीस लाख माणसं भुकेने आणि मागाहून आलेल्या रोगराईने मेली. तिकडे पोरांना संत्र्याचा रस, इकडे कलकत्त्याच्या फुटपाथवर भाताची पेज मागत मरणारी पोरं. एकच साम्राज्य, एकच पंतप्रधान. अमेरिकेबरोबरच्या अटलांटिक सनदेत सगळ्या राष्ट्रांना आपलं सरकार निवडायचा हक्क असं जाहीर केलं आणि सप्टेंबर १९४१ मध्ये पार्लमेंटात सांगून टाकलं की हे हिंदुस्थानला लागू नाही.

मला त्याच्या वारशाची चिकित्सा वगैरे करायची गरज वाटत नाही.

पारावरचा

@कोकणकडा, मुद्दा मान्य, आणि तुमचा राग तर माझाही आहे. पण १९४५ ला ब्रिटिश मतदाराने चर्चिलला पाडलं त्यात बंगाल कुठेच नव्हता. तो त्यांचा विषयच नव्हता, ही जास्त लाजिरवाणी गोष्ट.

विदाप्रेमी

‘कुठेच नव्हता’ हे अगदी बरोबर नाही हं. भारतमंत्री लिओ ॲमरी बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुकमधून उभे होते. त्यांच्याविरुद्ध कम्युनिस्टांनी रजनी पाम दत्त यांना उतरवलं, वडील बंगाली, आई स्वीडिश. दत्त यांनी प्रचारात भारताचा प्रश्न धरून लावला. मतं थोडकीच पडली, पण ॲमरी हरले, जागा मजूर पक्षाने घेतली.

गंमत अशी की चर्चिलच्या भारतविषयक मतांबद्दल सगळ्यात कडवट नोंदी याच ॲमरींच्या रोजनिशीत आहेत. भारताच्या बाबतीत त्याच्यात आणि हिटलरमध्ये मला फारसा फरक दिसत नाही, या अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलंय. आणि ॲमरी कुणी डावे नव्हते, पक्के साम्राज्यवादी.

सडेतोड

चर्चिल कसाही असो, माणूस द्रष्टा होता. स्वातंत्र्याच्या वेळी काय म्हणाला होता आठवतं का? ‘सत्ता बदमाश, लुच्चे आणि लुटारूंच्या हाती जाईल, हवा आणि पाण्यावरसुद्धा कर बसेल.’ आजूबाजूला बघा आणि सांगा, खोटं ठरलं का?

विदाप्रेमी

हे येणार याची खात्रीच होती. सकाळी सकाळी ‘सुप्रभात’च्या गुलाबाखाली येणारं हे वाक्य चर्चिलच्या कुठल्याही भाषणात, पत्रात, पार्लमेंटच्या नोंदीत सापडत नाही. शोधणाऱ्यांनी शोधून झालंय. भारताच्या स्वातंत्र्याविरुद्ध त्याने भरपूर बोलून ठेवलंय, त्यात आपल्याकडच्या ढकलपत्रांनी भर घालायची गरज नाही.

तीच गत ‘विशीत समाजवादी नसाल तर हृदय नाही, चाळिशीत असाल तर डोकं नाही’ची. तेही त्याचं नाही. आणि ‘रिकामी टॅक्सी थांबली आणि त्यातून ॲटली उतरले’ हा विनोद त्याच्या कानावर गेला तेव्हा तो चिडला होता. ॲटली सभ्य गृहस्थ आहेत, मी असं बोलणार नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं होतं.

सडेतोड

बरं बाबा, नसेल म्हणाला. पण वाक्य खरंच आहे की नाही?

विदाप्रेमी

_/\_

साखरभात

तुमच्या दुधाच्या मुद्द्याला जोडून. माझी आजी गिरगावात राहायची, तिच्या तोंडी ‘रेशनिंग आलं त्या वर्षी’ ही कालगणना होती. ते १९४३. मुंबईत रेशन सुरू झालं १९४३ च्या मे महिन्यात. कलकत्त्यात नीट रेशन यायला जानेवारी १९४४ संपत आला, तोवर माणसं मरून गेली होती. आणि बंगालच्या खेड्यांत तर तेही नाही. शेतमजूर, कोळी, नावाडी हेच सगळ्यात आधी गेले. धान्य अजिबात नव्हतं असं नाही, भाव त्यांच्या आवाक्याबाहेर गेला होता. अमर्त्य सेन यांनी पुढे हेच मांडलं.

म्हणजे सरकारला रेशन करता येत होतं. मुंबईत केलंच की. ते कुणासाठी करायचं, हे मात्र युद्धाला कोण लागतं यावर ठरत होतं. लंडनच्या आईला दूध मिळालं कारण तिचा नवरा आघाडीवर होता, ती स्वतः कारखान्यात होती, आणि तिला मत होतं.

आजी म्हणायची लाल मिलोचा (रेशनवरच्या परदेशी ज्वारीचा) वास घरभर राहायचा. तो वास गेला पण कार्ड तिने शेवटपर्यंत जपून ठेवलं होतं, देव्हाऱ्याच्या खालच्या खणात.

पारावरचा

@साखरभात, दंडवत. मूळ धाग्यात हे यायला हवं होतं. ‘तिला मत होतं’ या तीन शब्दांच्या आसपास मी चार परिच्छेद घुटमळलो.

वेल्सकर_वैद्य

बऱ्याच दिवसांनी लॉग इन केलं ते या धाग्यासाठी. वीस वर्षं साउथ वेल्समध्ये जी.पी., म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे. इथून जवळच ट्रेडेगर नावाचं गाव. खाणकामगारांचं. तिथे कामगारांनी आपल्या पगारातून आठवड्याला थोडे पैसे कापून वैद्यकीय मदत सोसायटी चालवली होती. डॉक्टर त्यांनीच नेमलेले, औषध, दवाखाना, चष्मा, कवळी सगळं त्यातून. त्याच गावात तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला एक पोरगा पुढे आरोग्यमंत्री झाला. अन्यूरिन बेव्हन. ‘मी फक्त सगळ्या देशाचं ट्रेडेगर करतोय’ अशा आशयाचं तो म्हणायचा.

(बेव्हन, बेव्हिन आणि बेव्हरिज हे तीन वेगळे इसम आहेत. बेव्हन आरोग्यमंत्री. बेव्हिन ट्रान्सपोर्ट कामगारांचा पुढारी, युद्धात कामगारमंत्री, नंतर परराष्ट्रमंत्री. बेव्हरिज अहवालवाले, आणि ते मजूर पक्षाचे नव्हतेच, लिबरल होते. मला स्वतःला हे कळायला इथे येऊन दोन वर्षं लागली.)

आमच्याच जमातीने त्याला सगळ्यात जास्त छळलं. फेब्रुवारी १९४८ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेने आपसांत मतदान घेतलं तेव्हा दहातले जवळजवळ नऊ विरोधात. सरकारी नोकर होणार नाही म्हणाले. बेव्हनने मोठ्या तज्ज्ञांना खासगी प्रॅक्टिस चालू ठेवायची मुभा दिली, सरकारी रुग्णालयांत पैसे भरणाऱ्यांच्या खाटा ठेवल्या, आणि ‘त्यांची तोंडं सोन्याने बंद केली’ असं नंतर कबूल केलं. ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. इंग्लंड-वेल्समधली अडीच हजारांहून जास्त रुग्णालयं एका दिवसात सरकारची.

माझ्या एक पेशंट होत्या, नव्वदी ओलांडलेल्या, आता नाहीत. त्या सांगायच्या, लहानपणी त्यांच्या घरी डॉक्टरचा वसुलीवाला शुक्रवारी यायचा. आई पैसे चहाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि डबा रिकामा असला की पोरांना जिन्याखाली गप्प बसवून दाराला आतून कडी. आईच्या ओटीपोटाला गाठ होती, ती तिने सहा वर्षं कुणाला दाखवली नाही. ‘जुलैत फुकट झालं आणि आई ऑगस्टमध्ये गेली डॉक्टरकडे,’ एवढंच त्या म्हणायच्या, पुढचं नाही. मी विचारलंही नाही. तपासून झाल्यावर निघताना दरवेळी टेबलाच्या कडेला हात लावायच्या, आपल्याकडे उंबऱ्याला लावतात तसा.

आता इथे रांगा आहेत, ताण आहे, मीही दिवसातून दोनदा वैतागतो. तो वेगळा धागा.

नफातोटा

सगळे भावुक झालेत म्हणून थोडं थंड पाणी ओततो. हलकेच घ्या.

युद्धात सहा वर्षं ब्रिटनमध्ये पावावर रेशन नव्हतं. समाजवादी सरकार आलं आणि जुलै १९४६ मध्ये पावावर रेशन बसलं, दोन वर्षं टिकलं. १ जानेवारी १९४७ ला कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या झाल्या, खाणींवर फलक लागले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीला कडाक्याची थंडी पडली तर विजेला पुरेल इतका कोळसा नाही! कारखाने बंद, घरात दिवसातले काही तास वीज तोडलेली, लाखो लोक तात्पुरते बेकार. अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज काढलं होतं, त्याचा शेवटचा हप्ता डिसेंबर २००६ मध्ये फिटला. १९४९ ला पौंडाचं अवमूल्यन, ४.०३ डॉलरवरून थेट २.८०. बँक ऑफ इंग्लंड, रेल्वे, वीज, गॅस, शेवटी पोलाद, सगळं सरकारी. आणि खाणीतला मॅनेजर? बहुतेक ठिकाणी तोच, फक्त पगार देणारा बदलला. कामगारांच्या हाती काय आलं?

चर्चिलने निवडणुकीआधी जूनमध्ये रेडिओवर सांगितलं होतं की समाजवाद शेवटी माणसाच्या डोक्यावर बसतो. अर्थतज्ज्ञ हायेकही १९४४ मध्ये तेच लिहीत होते. शब्द चुकला, रोख चुकला नव्हता.

उसाचा_रस

शब्द चुकला? ‘गेस्टापो’ म्हणाला तो, हिटलरचे गुप्त पोलीस! ज्या ॲटली-बेव्हिन-मॉरिसनबरोबर पाच वर्षं मांडीला मांडी लावून बसला, ते सत्तेवर आले तर कुठल्या ना कुठल्या प्रकारचा गेस्टापो आणतील, असं ४ जूनला रेडिओवर म्हणाला. हिटलर मरून पाच आठवडे झाले होते, छळछावण्यांची चित्रं सिनेमागृहात नुकतीच लोकांनी बघितली होती. ॲटली दुसऱ्या दिवशी शांतपणे एवढंच बोलले की आवाज चर्चिलचा, डोकं लॉर्ड बीव्हरब्रुकचं. बीव्हरब्रुक म्हणजे वर्तमानपत्रांचे मालक. आणखी सांगितलं की युद्धातला मोठा नेता आणि हुजूर पक्षाचा पुढारी यात किती अंतर आहे ते मतदारांना कळावं म्हणूनच चर्चिलने हे भाषण केलं असावं.

प्रचारात तो उघड्या गाडीतून मिरवत होता. ॲटली घरच्या छोट्या गाडीतून, गाडी बायको चालवत होती. २६ जुलैला राजवाड्यावर पंतप्रधानपदाची वस्त्रं घ्यायला गेले तेही तिनेच सोडलं.

आणि कर्जाचं म्हणाल तर दिवाळं युद्धाने काढलं होतं, समाजवादाने नाही. जपान शरण आल्या आल्या अमेरिकेने उधारीचा नळ बंद केला.

नफातोटा

कर्ज युद्धामुळे, मान्य. पण दिवाळखोराने दाताच्या कवळ्या फुकट वाटाव्यात का, हा माझा प्रश्न राहतोच. आणि तो ॲटलींच्या मंत्रिमंडळालाही पडला. १९५१ मध्ये कोरियाच्या युद्धासाठी पैसे हवेत म्हणून चष्मा आणि कवळीवर शुल्क लावायचं ठरलं तेव्हा तुमच्या बेव्हनने राजीनामा फेकला.

वेल्सकर_वैद्य

फेकला, बरोबर केलं. सुरुवातीला चष्म्यांची झुंबड उडाली, अंदाज पार कोसळला, हेही खरं. पण झुंबड कशाची होती? लोक वूलवर्थच्या दुकानात गल्ल्यापाशी मांडलेले चष्मे एकेक करून डोळ्याला लावून बघायचे, ज्यातून अक्षर दिसेल तो घ्यायचे. ती सगळी थकबाकी होती हो, उधळपट्टी नव्हे. चर्चिलच्या सरकारने १९५३ मध्ये खर्चाची चौकशी करायला समिती नेमली. समितीने १९५६ ला अहवाल दिला की उधळपट्टी दिसत नाही. हुजूर पक्षाच्याच सरकारने नेमलेली समिती, बरं का.

पारावरचा

इथे मला माझा मूळ मुद्दा पुन्हा पुढे सरकवू दे, कारण गाडी ‘चर्चिल विरुद्ध समाजवाद’ अशा रुळावर चाललीय.

चर्चिल १९०४ मध्ये हुजूर पक्ष सोडून लिबरलांकडे गेला होता. १९०८ ला व्यापारखात्याचा मंत्री झाला तेव्हा त्याने एका तरुणाला हाताशी घेतलं. त्या तरुणाचा जन्म १८७९ चा, बंगालमधल्या रंगपूरचा, बाप आय.सी.एस., आईने बाबराच्या आठवणींचं इंग्रजी भाषांतर केलेलं. विल्यम बेव्हरिज. दोघांनी मिळून १९०९ ला कामगार विनिमय केंद्रं काढली, म्हणजे आपल्याकडच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे खापरपणजोबा. शिवणकामासारख्या पिळवणुकीच्या धंद्यांत किमान मजुरी ठरवणारी मंडळं त्याच वर्षीची. १९११ च्या विमा कायद्यातला बेकारीचा भाग याच कामातून आला.

तोच बेव्हरिज डिसेंबर १९४२ मध्ये अहवाल घेऊन येतो. दारिद्र्य, रोग, अज्ञान, बकालपणा आणि बेकारी हे पाच राक्षस मारायचे. सरकारी अहवाल, आकडेमोडीने भरलेला, आणि विकत घ्यायला लोकांच्या रांगा! संक्षिप्त आवृत्ती धरून सहा लाखांवर प्रती खपल्या. चर्चिलला वाटलं, लढाई अर्ध्यावर असताना लोकांना स्वप्नं दाखवू नयेत. मार्च १९४३ मध्ये रेडिओवर पाळण्यापासून कबरीपर्यंतच्या विम्याबद्दल स्वतः बोलला, पण युद्ध संपल्यावर बघू म्हणाला. लोकांनी ‘बघू’ या शब्दाचा अर्थ बरोबर ओळखला. भाडेकरूला घरमालकाचं ‘बघू’ कळतं तसा.

पुढे ऑक्टोबर १९५१ ला तो परत आला. मजेशीर निवडणूक ती, मजूर पक्षाला दोन लाखांहून जास्त मतं अधिक आणि जागा कमी, २९५ विरुद्ध ३२१. आल्यावर मोडलं काय? पोलाद आणि मालमोटारी परत खासगी केल्या, औषधाच्या चिठ्ठीला एक शिलिंग लावला. खाणी, रेल्वे, आरोग्यसेवा जागच्या जागी. उलट वर्षाला तीन लाख घरं बांधून दाखवली. मग ही भिंत कुणाची? पाया त्याचा, गवंडी त्याचा, आणि दार लावायच्या वेळी हाच अडून बसला.

सडेतोड

पण १९१० ला वेल्समधल्या टोनीपँडीच्या खाणकामगारांच्या संपावर सैन्य कुणी पाठवलं? १९२६ च्या सार्वत्रिक संपात सरकारी वर्तमानपत्र काढून कामगारांना शत्रू कुणी ठरवलं? तुम्ही फारच गोंडस चर्चिल रंगवताय.

(हो, मीच लिहितोय. दोन्हीकडून मारा करायला मजा येते.)

वेल्सकर_वैद्य

+१. इथे दऱ्याखोऱ्यांत टोनीपँडीचं नाव आजही काढून बघा. आधी पोलीस, मग सैन्य, कुणाला किती उशिरा पाठवलं यावर इतिहासकार वाद घालोत, म्हाताऱ्या खाणकामगारांच्या घरी त्याचा फोटो तुम्हाला दिसणार नाही.

गिरणगावकर

सगळे प्रतिसाद वाचून काढले. वाचनखूण साठवली.

आमच्याकडचा धागा कुणी जोडला नाही म्हणून लिहितो. युद्धाच्याच काळात बा. पु. आडारकरांनी कारखान्यातल्या कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची योजना केली, १९४४ ला सरकारला दिली. त्यांना ‘छोटा बेव्हरिज’ म्हणत. त्यावरून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, मुंबईला नंतर आली. दुसरा, भोर समितीचा अहवाल, १९४६ चा. सर जोसेफ भोर नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे त्या अहवालातलं. प्राथमिक आरोग्य केंद्र ही कल्पनासुद्धा तिथलीच.

माझे वडील लालबागला गिरणीत साचेखात्यात. पगाराच्या पावतीवर ई.एस.आय.ची, म्हणजे याच कामगार विम्याची कपात दिसायची, आई दरमहा पुटपुटायची. १९७६ ला वडिलांना क्षय निघाला. आजारपणाचा भत्ता आणि औषध दोन्ही त्यातून. तेव्हापासून आईने त्या रकान्याबद्दल तोंडातून शब्द काढला नाही.

पण चाळीतल्या मोलकरणीला, हमालाला, फेरीवाल्याला यातलं काही नव्हतं. कापायला पगारच नव्हता ना. बेव्हनचं वेगळेपण मला इथे दिसतं. ट्रेडेगरच्या सोसायटीत वर्गणीदार होते, त्याने वर्गणीची अटच काढून टाकली. आपण वर्गणीपाशी थांबलो. भोर समितीचा अहवाल कपाटात गेला.

विदाप्रेमी

ज्यांना ॲटली एकदम संतमहंत वाटायला लागलेत त्यांच्यासाठी. १) १९२८ च्या सायमन कमिशनचे ते सदस्य होते. ३ फेब्रुवारीला मुंबईत उतरले तेव्हाचे काळे झेंडे त्यांच्यासाठीही होते. २) ऑगस्ट १९४२ मध्ये चर्चिल कैरो आणि मॉस्कोच्या दौऱ्यावर होता. गवालिया टँकनंतर गांधीजींना आणि काँग्रेस कार्यकारिणीला उचललं तेव्हा लंडनमध्ये मंत्रिमंडळाच्या अध्यक्षस्थानी ॲटली होते. ३) बंगालसाठी जहाजं नाकारणाऱ्या सरकारात उपपंतप्रधान कोण? हेच. ४) ब्रिटनचा अणुबॉम्ब बनवायचा निर्णय यांच्या सरकारचा, आणि १९४८ ला मलायात रबर आणि कथलासाठी सैन्य उतरवलं तेही यांचंच.

आणि २० फेब्रुवारी १९४७ ला जून १९४८ च्या आत भारत सोडू असं जाहीर केलं तेही यांनीच. जाता जाता, २००४ मध्ये ब्रिटनच्या अभ्यासकांना विसाव्या शतकातला सर्वोत्तम पंतप्रधान विचारला तर ॲटली पहिले, चर्चिल दुसरा. दोनच वर्षं आधी बीबीसीने जनतेला सर्वश्रेष्ठ ब्रिटिश विचारला तर चर्चिल पहिला.

कोकणकडा

बघितलंत? विदाप्रेमीसुद्धा. अख्ख्या धाग्यात चर्चिलला अरेतुरे आणि ॲटलींना अहोजाहो. निकाल तिथेच लागलाय, पुरावे कशाला शोधताय?

पारावरचा

हा हा! खरंच की. हे लक्षातच आलं नव्हतं. सवय हो, शाळेपासूनची. इतिहासाचे सर वर्गात ‘चर्चिल म्हणाला’ आणि ‘ॲटलीसाहेबांनी जाहीर केलं’ असंच म्हणायचे.

साखरभात

आमच्या आजीकडे हिटलर, चर्चिल आणि रेशन दुकानदार तिघेही अरेतुरे.

उसाचा_रस

अवांतर होतंय पण राहवत नाही. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीची मोहीम चर्चिलने आखली, पार फसली, त्याची खुर्ची गेली. तिथे सुव्लाच्या किनाऱ्यावरून अगदी शेवटी निघालेल्यांमध्ये कॅप्टन ॲटली होते. आमांशाने, तापाने माणसं जात होती. तरीही डावपेच चुकीचा नव्हता, तो राबवला वाईट, असं ॲटली जन्मभर म्हणत राहिले. मे १९४० मध्ये इटलीमार्फत तहाची बोलणी करावीत असं परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स म्हणत होते. पाच जणांच्या युद्धमंत्रिमंडळात ॲटली आणि ग्रीनवूड हे दोन मजूर पक्षवाले चर्चिलच्या बाजूने ठाम उभे राहिले. ते तिकडे झुकले असते तर आज आपण कुठल्या चर्चिलबद्दल बोलत असतो?

३० जानेवारी १९६५, चर्चिलची अंत्ययात्रा. मानाच्या खांदेकऱ्यांत ॲटली, वय ८२, तब्येत पार खालावलेली. सेंट पॉलच्या पायऱ्यांवर इतकी थंडी की त्यांना उभं राहवेना. कुणीतरी खुर्ची आणून दिली. त्या खुर्चीत ओव्हरकोटात आकसून बसलेले ॲटली, आणि बाजूने शवपेटी खाली नेताहेत.

नफातोटा

हे माहीत नव्हतं. छान लिहिलंत.

कवळ्यांबाबतचं मत कायम आहे.

गिरणगावकर

@पारावरचा, ससून डॉकला कडी बघायची तर ओहोटीच्या वेळी जा, भरतीला भिंतीचा खालचा भाग पाण्याखाली असतो. आणि मांदेली काय भावाने मिळाली ते लिहिलंच नाहीत.

पारावरचा

भाव सौ.ला माहीत. तिने मला सांगितलेला आणि कोळणीला दिलेला वेगवेगळे असावेत असा संशय आहे.